कधीच बंद न पडणारं ॲप आणि सोनकांबळे मॅडम

आमचं ॲप कधीच बंद पडत नसे. हे माझं मत नाही, कंपनीचे मालक बिराजदार सर यांचं आहे, आणि पगार देणाऱ्या माणसाच्या मताला लातुरात जे वजन असतं ते त्यालाही होतं. ॲप बंद पडत नसे. लोकांचे फोन बंद पडत, लोकांचं नेटवर्क जाई, लोकांना वापरता येत नसे. एवढ्या सगळ्या बिघडलेल्या जगात आमचं ॲप तेवढं धडधाकट होतं.

या श्रद्धेला पहिला धक्का बसला तो सोनकांबळे मॅडमच्या मुलाखतीत. मी त्या मुलाखतीला हजर होतो. मी खरं तर स्क्रीन डिझाइन करणारा, म्हणजे ॲपमधली बटनं कुठं असावीत आणि कोणत्या रंगाची असावीत हे ठरवणारा. (रंग शेवटी सरच ठरवत आणि तो निळाच असे.) पण समोर तीन माणसं बसलेली असली की मुलाखत मुलाखतीसारखी दिसते, असं सरांचं म्हणणं असल्यामुळं मला आणि अकाउंटच्या मॅडमना त्यांनी दोन बाजूंना बसवलं होतं.

प्रज्ञा सोनकांबळे नायगावच्या. आई सरकारी दवाखान्यात नर्स, वडील शाळेतून रिटायर झालेले. नांदेडला इंजिनिअरिंग, मग पुण्यात काही वर्षं नोकरी, आणि आता लहान भावाच्या शिक्षणासाठी लातुरात बिऱ्हाड करायचं होतं. सरांनी कुठंतरी वाचलेला प्रश्न विचारला, "तुमची कमजोरी काय?"

"माझी नंतर सांगते," मॅडम म्हणाल्या. "आधी तुमच्या ॲपची सांगू का? येताना एसटीत टाकलं होतं फोनवर. लोह्याच्या पुढं बंद पडलं, अहमदपूरच्या अलीकडं परत पडलं."

"नेटवर्क असेल," सर म्हणाले.

"नेटवर्क गेलं तर ॲपनं 'नेटवर्क नाही' म्हणावं सर. जीव देऊ नये."

अकाउंटच्या मॅडम फाईलमध्ये तोंड घालून हसल्या. सरांनी सोनकांबळे मॅडमना नोकरी दिली. धाडस आवडलं म्हणून नव्हे. पुण्याचा अनुभव असलेली व्यक्ती लातूरच्या पगारात मिळते आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं म्हणून.

आमचं ऑफिस मार्केट यार्डाच्या बाजूला, एका डाळीच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर. खिडकी उघडली की तुरीच्या डाळीची बारीक पिवळी धूळ येऊन कीबोर्डवर बसायची. आम्ही क्लासेससाठी सराव परीक्षांचं ॲप बनवायचो. लातुरात जिथं खांब आहे तिथं क्लासचा बोर्ड आहे, त्यामुळं गिऱ्हाइकांची ददात नव्हती. आमच्या माहितीपत्रकावर पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, 'मराठी मातीतलं, मराठी मुलांसाठीचं ॲप'. माहितीपत्रक इंग्रजीत होतं, एवढं एक वाक्य सोडून.

मॅडमची पहिली ओळख ऑफिसला झाली ती हेल्मेटमुळं. लातुरात स्कूटीवर हेल्मेट घालणारा माणूस एक तर परगावचा असतो नाही तर उधारी बुडवून तोंड लपवणारा, असा समज आहे. खालचे व्यापारी रोज विचारायचे, "काय मॅडम, बाहेरगावी का?" मॅडम रोज तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, "हाव, वरच्या मजल्यावर."

दुसरी ओळख त्यांच्या टेबलाच्या खणामुळं झाली. त्यात त्यांनी जुने, स्वस्त, काचा तडकलेले फोन जमवायला सुरुवात केली. सेकंडहँडच्या दुकानातून घेतलेले, भावाच्या मित्रांचे टाकून दिलेले, एक तर आईनं दवाखान्यात वापरून वापरून पार पांढरा केलेला. आम्ही ॲप तपासायचो ते सरांच्या नव्या कोऱ्या फोनवर. मॅडम नवं काही बनवलं की या खणातल्या मंडळींना बाहेर काढायच्या. एकाचं नाव होतं किनवट, एकाचं देगलूर, एकाचं मुखेड. "देगलूर आज लई गरम झालंय," असं त्या म्हणाल्या की ते हवामान नसून बॅटरी असायची. सरांना हा प्रकार बिलकुल पसंत नव्हता. "मॅडम, क्लायंट येतेत. भंगाराचं दुकान वाटून राहिलंय," ते म्हणायचे.

"आपलं ॲप वापरणाऱ्या पोरांचे फोन हेच आहेत सर."

"पण फी भरणाऱ्या बापाचा फोन चांगला असतो की!"

सरांच्या बोलण्याला बरेचदा उत्तर नसायचं, आणि तो आपला विजय आहे असं त्यांना वाटायचं.

बोलताना मॅडमचा एक हट्ट असायचा. कुणी येऊन म्हणालं, "मॅडम, ॲप चालत नाही," की त्या विचारायच्या, "म्हणजे काय झालं?" तो म्हणायचा, "बंद पडतंय." "म्हणजे काय झालं?" "हँग होतंय मॅडम." "हँग होतंय का बंद पडतंय? एक काहीतरी ठरव." माणूस वैतागून निघून जायचा, आणि जाता जाता नेमकं काय झालं ते बोलून जायचा. मग त्या म्हणायच्या, "हां, आता बोललास." हे शिक्षण आईकडून आलं होतं. नायगावात पोट दुखतंय म्हणून आलेल्या बाईला आई आधी कुठं, कधीपासून, काय खाल्लं विचारायची, गोळी नंतर. सोनकांबळे मॅडमही तशाच. फक्त गोळी देताना टोमणाही द्यायच्या.

एक दिवस दुपारी सुशीला, म्हणजे भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून करतात ते, खात बसलो होतो. मॅडमच्या डब्यात रोज काही ना काही मुरमुऱ्याचंच असे. खाता खाता त्या म्हणाल्या, "बालाजी, आपलं ॲप दिवसातून किती जणांच्या फोनवर पडतं, सांगता येईल तुला?"

"तक्रार किती येतात त्यावरून..."

"तक्रार कोण करतं? तू स्वतः एखादं ॲप बंद पडलं तर कंपनीला फोन लावतोस का?"

मी तर ते ॲप काढून टाकतो.

मग त्यांनी मला समजावलं ते इथं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ॲपच्या आत एक छोटा तुकडा बसवता येतो. ॲप कुणाच्याही फोनवर अचानक बंद पडलं, की तो तुकडा कंपनीला कळवतो: फोन कोणता होता, ॲपची कितवी आवृत्ती होती, आणि आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या नेमक्या कोणत्या ओळीवर गाडी अडली. माणसानं तक्रार करायची गरजच नाही. याला क्रॅश रिपोर्टिंग म्हणतात. जगातल्या सगळ्या बऱ्या ॲपमध्ये ते असतं. आमच्यात नव्हतं, कारण आमचं पडतच नव्हतं.

सरांकडं गेल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आपल्याच चुका आपणच जमा करायच्या?"

"हो सर."

"खर्च?"

"फुकट आहे."

"फुकट म्हणजे काहीतरी गडबड असती मॅडम." सर मागं रेलले. "आणि समजा कळलं पडतंय म्हणून. मग ते दुरुस्त करावं लागेल ना? खामखा काम वाढवायचं कशाला?"

इथं दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. मॅडमनी थोडा वेळ छताकडं पाहिलं आणि अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "याचा एक ग्राफ येतो सर. लाइव्ह. रिसेप्शनच्या टीव्हीवर लावता येतो. मोठ्या कंपन्यांत असतो."

सर सरळ बसले. रिसेप्शनचा टीव्ही हा त्यांचा जीव होता. त्यावर दिवसभर कंपनीचा लोगो गोल फिरत असायचा. "रंगीत असतो का?" त्यांनी विचारलं. काम मंजूर झालं.

पुढचे काही दिवस मॅडम कामात बुडाल्या. तुकडा बसवला. मग तो कळवतो की नाही हे बघायला ॲप मुद्दाम पाडून बघावं लागतं. त्यासाठी त्यांनी आमच्यापुरतं एक बटन केलं आणि मला त्यावर नाव घालायला सांगितलं. मी 'चाचणी' घालणार होतो. त्या म्हणाल्या, "चाचणी कशाला? 'पाडा' घाल. स्पष्ट असावं."

बटन निळंच होतं. सर बघायला आले. "मुद्दाम पाडायचं?" ते हळहळले. मग लहान मुलानं फटाका पेटवावा तसं त्यांनी बोट लांबूनच पुढं केलं आणि दाबलं. ॲप क्षणात नाहीसं झालं. सर चमकून मागं सरले. थोड्या वेळानं रिसेप्शनच्या टीव्हीवर, कोऱ्या ग्राफवर, एक लाल ठिपका उगवला.

"आला!" सर ओरडले. त्यांना एवढी मजा आली की ते बटन दाबतच सुटले. अकाउंटच्या मॅडमना बोलावून दाखवलं, खालच्या व्यापाऱ्याला वर बोलावून दाखवलं. आमच्या कंपनीच्या इतिहासात नोंदलेले पहिले सगळे क्रॅश मालकांच्या हस्ते झालेले आहेत. एखाद्या पुलाचं उद्घाटन तो पाडून करावं, तसा तो सोहळा झाला.

नवीन ॲप लोकांच्या फोनवर जायला लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून टीव्ही लाल व्हायला लागला. सरांना आधी वाटलं, मॅडमनी 'पाडा'चं बटन चुकून बाहेर पाठवलं. तसं नव्हतं. लोक नुसतं ॲप वापरत होते. एका क्लासवाल्यांनी रिसेप्शनमध्ये बसल्या बसल्या विचारलं, "वा, एवढी वाढ! हे काय, ॲडमिशन का?" सर "हो हो" म्हणाले आणि आत येऊन मॅडमवर उखडले.

"हे बसवल्यापासनंच पडायला लागलंय मॅडम! आधी कधी पडत नव्हतं!"

"सर, थर्मामीटर आणल्यामुळं ताप आला म्हणून राहिलात तुम्ही."

"मला काही माहीत नाही. टीव्हीवरून काढा ते."

टीव्हीवर भक्तिगीतांचं चॅनल लागलं. लाल ठिपके मॅडमच्या कॉम्प्युटरवर येत राहिले. त्या रोज सकाळी आल्या आल्या हेल्मेट टेबलावर ठेवायच्या आणि एकेक रिपोर्ट उघडून वाचायच्या, जसं इतर लोक पेपर वाचतात. एकेक कारण काढायचं, दुरुस्त करायचं. लोह्याच्या पुढं पडायचं ते थांबलं. आलेख उतरायला लागला. सरांनी याचं श्रेय भक्तिगीतांना दिलं नाही, एवढी त्यांची कृपा.

मग कदम सरांच्या क्लासची शिष्यवृत्तीची परीक्षा आली.

कदम सर फिजिक्स शिकवायचे आणि त्यांचा क्लास मोठा. ही परीक्षा आमच्या ॲपवर, घरूनच द्यायची होती. वर आलेल्या मुलांना दोन वर्षं क्लास आणि हॉस्टेल मोफत. लातूर, नांदेड, पार किनवटपर्यंतच्या खेड्यांतली पोरं बसली होती. रविवारी परीक्षा झाली. सोमवारी मॅडम आल्या, मशीन उघडलं, आणि हेल्मेट काढायचं विसरून तशाच बसून राहिल्या.

मी जवळ गेलो. पडद्यावर रविवारची लाल उभी रेघ होती. आणि सगळे क्रॅश एकाच ओळीवर. गुण मोजून झाल्यावर ते पाठवण्याच्या क्षणी. म्हणजे पोरांनी अख्खा पेपर सोडवला होता, शेवटचं बटन दाबलं होतं, आणि ॲप गेलं होतं. उत्तरांसकट.

"वाच," मॅडम म्हणाल्या.

रिपोर्टमध्ये इंग्रजीत होतं: ही संख्या वाचता आली नाही. आणि पुढं संख्या: १८.७५.

"मला तर येतेय वाचता," मी म्हणालो.

"तुला येते. ॲपला येत न्हाई. नीट बघ."

मी नीट पाहिलं. आकडे मराठी होते. देवनागरीतले.

झालं होतं ते असं. ज्यांच्या फोनची भाषा मराठी होती, त्यांचे गुण फोन मराठी आकड्यांत लिहायचा. आणि आमचा प्रोग्रॅम तेच आकडे परत वाचायला जायचा तेव्हा त्याला फक्त इंग्रजी आकडे कळायचे. त्यामुळं तो तिथंच मरायचा. हे लिहिलं होतं आमच्या आधी इथं असलेल्या आणि आता पुण्यात असलेल्या एका सरांनी. कुणालाही कधी दिसलं नाही, कारण ऑफिसातला एकूण एक फोन इंग्रजीत होता. मॅडमच्या खणातलं देगलूर आणि किनवटसुद्धा. रोज सराव करणारी शहरातली पोरंही फोन इंग्रजीतच ठेवायची; घरच्यांच्या मराठी फोनवरून पेपर दिला तो या खेड्यातल्या पोरांनीच पहिल्यांदा. मराठी मातीतलं, मराठी मुलांसाठीचं ॲप मराठीत फोन ठेवणाऱ्या प्रत्येक मुलाला परीक्षेतून उचलून बाहेर टाकत होतं.

"माझेपण फोन इंग्रजीत," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. त्या वाक्यात टोमणा नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची होती. त्यांनी ती दुपारच्या आत केली. पण पोरांचं काय? कदम सरांच्या यादीत ही सगळी 'अनुपस्थित' लागली होती. मॅडमनी त्यातल्या काहींना फोन लावले. एक फोन स्पीकरवर होता, इस्लापूरच्या रेणुका नावाच्या मुलीचा.

"मॅडम, मी दिलीय परीक्षा," ती घाईघाईनं सांगत होती. "सगळी दिली. शेवटी बटन दाबलं आन् ॲप गेलं. क्लासवाले म्हणाले तू बसलीच न्हाईस. घरी भाऊ लई बोलला. म्हणाला, फोन घेऊन बसली होतीस ते काय रील बघत होतीस का?"

"फोन कुणाचा गं?"

"पप्पाचा."

"मराठीत हाय का?"

"हाव. पप्पाला इंग्रजी येत न्हाई ना." मग एकदम घाबरून, "तसं चालत न्हाई का मॅडम?"

मॅडमनी डोळे मिटले. "चालतं बाळा. चालायलाच पाहिजे. आमचं चुकलंय."

सरांना सांगितल्यावर सर दीर्घकाळ विचारमग्न झाले. त्यांच्या विचारमग्नतेतून निघालं ते असं: रिझल्ट लागलेला आहे, निवड झालेल्या पोरांचे फोटो फ्लेक्सवर छापायला गेलेले आहेत, फ्लेक्सच्या कोपऱ्यात आपल्या कंपनीचा लोगो आहे. "खेड्यातली पोरं, मॅडम. तसल्या फोनवर असंच होतं. नेटवर्क म्हणून टाका."

"सर, इस्लापूरला नेटवर्क होतं. आपल्यालाच मराठी येत नव्हती."

"तुम्ही हे कुणासमोर बोलायचं नाही. समजलं?"

मॅडम "समजलं" म्हणाल्या. समजलं म्हणजे मान्य केलं असा अर्थ सरांनी काढला. ती त्यांची जबाबदारी.

दोन दिवसांनी आम्ही कदम सरांकडं गेलो, परीक्षा यशस्वीपणे पार पडल्याबद्दल पुष्पगुच्छ द्यायला. गुच्छ माझ्याकडं, लॅपटॉप मॅडमकडं, हास्य बिराजदार सरांकडं. कदम सर भला माणूस, पण त्यांनाही यशाची सवय झालेली. ते म्हणाले, "सगळं मस्त झालं. फक्त बरीच पोरं बसलीच नाहीत. काय आहे, खेड्यातल्या पोरांत सिरियसनेस कमी झालाय."

"अगदी," आमचे सर म्हणाले.

"सर, तुमचा फोन देता का एक मिनिट?" मॅडम म्हणाल्या. कदम सरांनी दिला. मॅडमनी भाषा मराठी केली आणि फोन परत केला. "ही छोटी सराव परीक्षा आहे बघा, तुमच्याच विषयाची. जरा सोडवून दाखवता?"

बिराजदार सरांनी मॅडमकडं असं पाहिलं की माझ्या हातातला गुच्छ कोमेजावा. पण फिजिक्सच्या मास्तरापुढं प्रश्न ठेवल्यावर त्यांना कोण थांबवणार? कदम सरांनी चष्मा वर केला, भराभर उत्तरं दाबली, एका प्रश्नाशी "हा जरा फसवा घातलाय" म्हणून स्वतःवरच खूश झाले, आणि शेवटचं बटन दाबलं. ॲप गेलं. पडद्यावर त्यांच्या नातवाचा फोटो राहिला.

"अरे? हे काय झालं?"

"सर, तुम्ही परीक्षेला बसलाच नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"आत्ता तर सोडवली की तुमच्यासमोर!"

"आमच्या यादीत तुम्ही अनुपस्थित आहात. सिरियसनेस कमी झालाय म्हणतेत."

मग आमचे सर म्हणाले, "नेटवर्क..." आणि कदम सरांनी हात वर करून त्यांना वर्गातल्या पोरासारखं गप्प केलं. "किती पोरं असतील अशी?" त्यांनी विचारलं. मॅडमनी लॅपटॉप उघडून त्यांच्याकडं वळवला. दुरुस्त केलेलं ॲपही त्यात तयार होतं. फक्त ते बाहेर पाठवायची परवानगी आमच्या सरांनी अजून दिली नव्हती. ती त्या खोलीतच मिळाली.

फेरपरीक्षा झाली. कदम सर चांगले मास्तर असले तरी क्लासही चालवत होते, त्यामुळं आपल्याकडून चूक झाली असं काही त्यांनी जाहीर केलं नाही. गावभर नवे फ्लेक्स लागले: 'विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव पुन्हा एक सुवर्णसंधी'. कोपऱ्यात आमचा लोगो होता. त्या रविवारी मॅडमच्या पडद्यावर एकही लाल ठिपका आला नाही. त्यांनी चार-चारदा तपासलं, कळवणारा तुकडाच तर मेला नाही ना म्हणून. शेवटी 'पाडा'चं बटन दाबून बघितलं. ठिपका आला, तेव्हा कुठं डबा उघडला.

पहिल्या वेळी हुकलेल्यांपैकी काही जण यादीत आले. रेणुका नाही आली. तिनं स्वतः फोन करून सांगितलं. "मॅडम, मला कमी पडले."

मला वाईट वाटलं. एवढं रामायण झालं ते या पोरीसाठी, आणि तीच मागं राहिली. मी तसं म्हणालो. मॅडम मुरमुरे चावत होत्या.

"पेपर दिला तिनं. गुण मिळाले, कमी पडले. आता तिला माहीत हाय कुठं कमी पडले ते. भावालाही माहीत हाय." त्या थांबल्या. "हे हुकणं तिचं हाय, बालाजी. आधीचं आपलं होतं."

त्यानंतर मॅडमची पदोन्नती झाली. कंपनीत पहिल्यांदाच असं पद निर्माण झालं: 'गुणवत्ता सल्लागार'. काम काही नाही, टेबल जिन्याजवळ, आणि क्लायंटकडं जायची तसदी घ्यायची नाही. "क्लायंटसमोर कंपनीची इज्जत काढली," असं सर मला आणि अकाउंटच्या मॅडमना वेगवेगळं बोलावून सांगायचे. मॅडमना तोंडावर मात्र "तुमच्यासारखी माणसं जपली पाहिजेत" म्हणायचे. जिन्याजवळ त्यांनी महिनाभर जपून घेतलं आणि मग राजीनामा दिला. नांदेडला एका दवाखान्यांच्या ॲपचं काम मिळालं होतं, घर जवळ होतं, आणि भावाची लातूरची गरज संपली होती. सरांनी राजीनामा लगेच मंजूर केला, निरोप समारंभ ठेवला, शाल दिली आणि भाषणात दोनदा त्यांचं नाव 'प्रतिभा मॅडम' घेतलं.

हल्ली सर कॉलेजांमध्ये भाषणं द्यायला जातात. विषय असतो, 'अपयशाला सामोरं जाणारी कंपनी'. रिसेप्शनच्या टीव्हीवर ग्राफ परत आला आहे. पाहुण्यांना तो दाखवताना सर म्हणतात, "ही संकल्पना माझी. पहिला क्रॅश मी स्वतः केलेला." हे तर खरंच आहे.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्या दिवशी, लातूरच्या बसस्टँडवर. सामान आधीच गेलं होतं. त्यांच्याकडं एक पिशवी होती. नांदेडची बस लागलेली होती. त्या खिडकीशी बसल्या, वडिलांना फोन करून "जय भीम पप्पा, बस मिळाली" एवढं कळवलं, आणि मी खाली उभा राहून, निघताना जे बोलतात ते काहीबाही बोलत होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पडदा माझ्याकडं वळवून दाखवला. बिराजदार सर.

मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. एवढ्या दिवसांचं साचलेलं, आणि राजीनामा मंजूर झालेला. मी खिडकीच्या अजून जवळ सरकलो.

"बोला सर," मॅडम म्हणाल्या. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. पलीकडून सरांचा आवाज मला खालीही येत होता. सकाळपासून औश्याच्या एका क्लासमध्ये ॲप पडत होतं, पोरं ताटकळली होती, आणि ते लाल ठिपक्यांचं नेमकं कुठं उघडायचं हे ऑफिसात कुणालाच आठवत नव्हतं.

मॅडमनी एकदा माझ्याकडं पाहिलं. ओठांवर काहीतरी आलं होतं, अगदी तयार. ते त्यांनी गिळलं.

"म्हणजे काय झालं सर?" त्यांनी विचारलं. "नाही, नेटवर्क बाजूला ठेवा. पोरांना काय दिसून राहिलंय?"

ड्रायव्हर चढला, कंडक्टरनं घंटी मारली. बस मागं सरकून वळायला लागली, तरी त्यांचं चालूच होतं. मी बरोबर चार पावलं चाललो, हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला, आणि मोकळा हात खिडकीबाहेर, हवेत एक चौकोन काढून त्यातल्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवत होता. "इथं सर. डाव्या बाजूला, वर. न्हाई, घाबरू नका, काही बिघडत न्हाई. दाबा."

बस फाटकातून बाहेर पडून नांदेडच्या रस्त्याला लागली, तेव्हाही तो हात बाहेरच होता.